दोन माणसांची तुलना पाच मिनिटांत कशी मांडायची

“लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला…” इथून सुरुवात होते आणि अडीच मिनिटं हेच चालतं. मग स्लाइड बदलते. “गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला…” की पुन्हा अडीच मिनिटं. शेवटी, “अशा प्रकारे दोघेही थोर होते. धन्यवाद.” टाळ्या.

दिवाळीची सुट्टी संपून प्रोजेक्टचे दिवस सुरू झाले, की पुण्यातल्या शाळांमध्ये हे हमखास ऐकायला मिळतं. मुलांनी मेहनत घेतलेली असते. अप्पा बळवंत चौकातून पुस्तक आणलेलं असतं, आईने किंवा ताईने पीपीटी करून दिलेली असते, सनावळी पाठ असते. माहिती बहुतेक बरोबरच असते. फक्त तुलना झालेली नसते. दोन चरित्रं एकापाठोपाठ एक वाचून दाखवलेली असतात, आणि त्यातलं काय कशाशी लावून बघायचं हे काम ऐकणाऱ्यांवर टाकलेलं असतं. मागच्या बाकावरचा मुलगा दुसऱ्या चरित्राच्या मध्यावर येईपर्यंत पहिलं विसरून गेलेला असतो.

मी इतिहास शिकवते. दोन व्यक्तींवरचं छोटं प्रेझेंटेशन हा मला मुलांना द्यायला सगळ्यात आवडणारा प्रकार आहे, कारण पाच मिनिटांत इतकं विचार करायला लावणारं दुसरं काही शाळेत फारसं नसतं. पण ते कसं करायचं हे मुलांना कोणी बसून सांगत नाही. “तुलना करा” एवढंच फळ्यावर लिहिलं जातं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. मुलांसाठी, आणि रात्री दहा वाजता त्यांच्याबरोबर पीपीटी करत बसणाऱ्या आईबाबांसाठीही.

आधी प्रश्न

तुलना म्हणजे एकच प्रश्न दोघांना विचारणं. सगळं याच्यावर उभं आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू या.

“टिळक आणि आगरकर” हा झाला विषय. यात प्रश्न कुठेच नाही, त्यामुळे काय सांगायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला काहीच आधार नाही. मग मूल सगळंच सांगतं. आता हे बघा: एकाच वर्षी जन्मलेले, डेक्कन कॉलेजात मैत्री झालेले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये बरोबर शिकवणारे, ‘केसरी’ बरोबर चालवणारे आणि १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेले हे दोन मित्र पुढच्या आठ वर्षांत एकमेकांपासून इतके दूर का गेले?

हा प्रश्न हातात आला की निवड आपोआप होते. टिळकांचा मंडालेचा तुरुंगवास कितीही महत्त्वाचा असला तरी इथे लागत नाही. तो फार पुढचा. आगरकर १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, तेही बाजूला ठेवता येतं. लागतं ते एवढंच: १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं, १८८८ साली ‘सुधारक’ हे स्वतःचं पत्र काढलं, १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोघं समोरासमोर उभे ठाकले. पाच मिनिटांना हे पुरेसं आहे.

शेवटच्या मुद्द्यापाशी जरा रेंगाळावंसं वाटतं, कारण घाईने केलेली तुलना इथेच घसरते. मुलं लिहितात, “आगरकर सुधारणावादी होते, टिळक सनातनी होते.” संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या बाबतीत, लग्न झालेलं असलं तरी, शरीरसंबंधासाठीची वयाची अट दहावरून बारा वर्षं झाली. आगरकरांचा त्याला पाठिंबा होता, टिळकांचा कडाडून विरोध. इथपर्यंत ठीक. पण त्याच सुमारास टिळकांनीच अशी सूचना मांडली होती की मुलींची लग्नं सोळा वर्षांच्या आत आणि मुलांची वीस वर्षांच्या आत करू नयेत, आणि ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी हे आधी स्वतःवर बंधन म्हणून घ्यावं. बारापेक्षा सोळा कितीतरी पुढचं. मग भांडण कशावरून होतं? आमच्या घरातले नियम परक्या सरकारने करावेत की नाही, यावरून. टिळक नको म्हणत होते. अन्याय थांबत असेल तर कायदा कोण करतं याने आगरकरांना फरक पडत नव्हता. हे कळलं की दोघांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पडतात आणि दोन विचार करणारी माणसं दिसू लागतात. मला स्वतःला या वादात आगरकरांची बाजू पटते, पण टिळक काय म्हणत होते हे नीट समजून घेतल्याशिवाय ते पटण्याला अर्थ नाही, हेही मी वर्गात सांगते.

जोडी कशी निवडायची

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८४३ साली एक साधी वाटणारी रीत मांडली. दोन प्रसंग घ्या, ज्यांत जवळपास सगळं सारखं आहे आणि परिणाम मात्र वेगळा आहे. मग जी एखादी गोष्ट वेगळी आहे, तिथे कारण शोधा. उलट बाजूने, सगळं वेगळं असूनही परिणाम सारखा असेल तर त्या दोन्हींत काय समान आहे ते बघा. आगरकरांनी हा मिल आवडीने वाचला होता, आणि त्यांच्याच आयुष्याला मिलची रीत लावून बघता येते, याची मला फार गंमत वाटते.

माणसांच्या बाबतीत ही रीत तंतोतंत लागू होत नाही, हे लगेच सांगायला हवं. टिळक-आगरकरांचं वय, कॉलेज, शाळा, तुरुंग सारखे होते, पण घरची परिस्थिती सारखी नव्हती. आगरकरांनी अतिशय गरिबीत शिक्षण केलं. टिळकांच्या घरी तेवढी ओढाताण नव्हती. म्हणून “या एका कारणामुळे दोघं वेगळे झाले” असं ठासून म्हणू नये. “हा फरक ठळक दिसतो” एवढं म्हणावं. नववीतल्या मुलालाही हे जमतं.

मिलच्या रीतीतून जोडी निवडायची खूणगाठ मिळते. दोघांमध्ये सारखं बरंच हवं आणि एखादा फरक डोळ्यात भरणारा हवा. शिवाजी महाराज आणि सचिन तेंडुलकर अशी जोडी एका मुलाने सुचवली होती. दोघंही त्याचे लाडके होते, पण त्या दोघांना विचारता येईल असा एकही प्रश्न आम्हाला सापडेना. दुसऱ्या टोकाला, फारच सारखी माणसं घेतली तर सांगायला काही उरत नाही.

टिळक-आगरकर ही जोडी पुण्यात घरोघरी माहीत आहे. त्यामुळे आता दुसरी जोडी घेऊन पूर्ण प्रेझेंटेशन कसं तयार होतं ते बघू: आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई.

वहीतला तक्ता

नववीतली एक मुलगी ही जोडी घेऊन माझ्याकडे आली. वहीच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डावीकडे आनंदीबाई, उजवीकडे रखमाबाई. खाली जन्म, लग्न, नवरा, शिक्षण, काम, मृत्यू. तक्ता सुरेख होता आणि तिने बरंच वाचलं होतं.

डावीकडे: जन्म ३१ मार्च १८६५, माहेर कल्याणचं, नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली गेली, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. बाविसावा वाढदिवसही पाहिला नाही.

उजवीकडे: जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न. नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या. १८८४ साली नवरा कोर्टात गेला: बायकोने माझ्या घरी येऊन राहावं. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने. अपील झालं, खटला परत उभा राहिला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करेन म्हटलं. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला अनेक वर्षं काम केलं. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीत मृत्यू.

“नवरा” या ओळीत डावीकडे लिहिलं होतं “चांगला”, उजवीकडे “वाईट”.

“चांगला म्हणजे?” मी विचारलं.

“त्यांनी शिकवलं ना, मॅडम. अमेरिकेला पाठवलं.”

“आणि आनंदीबाईंना शिकायचंच नसतं तर?”

ती थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तर काय झालं असतं, ते मी वाचते.”

तिने वाचलं. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात आनंदीबाईंची पत्रं आहेत. अमेरिकेहून नवऱ्याला लिहिताना आनंदीबाईंनी लहानपणीचा मार काढला आहे: दहाव्या वर्षी लाकडाने मारलेलं, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तकं नि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या. शिकवणारा नवरा तोच आणि मारणारा नवराही तोच. आणि ज्या आनंदीबाईंनी हे सोसलं त्याच अठराव्या वर्षी नवऱ्याशिवाय एकट्या समुद्र ओलांडून गेल्या. आपल्याला डॉक्टर का व्हायचं आहे, हे जाण्याआधी सेरामपूरच्या सभेत त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं होतं. म्हणजे “नवऱ्याने पाठवलं” हेही पुरतं खरं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने “चांगला” आणि “वाईट” खोडलं आणि त्या ओळीचं नावच बदलून टाकलं. तिथे लिहिलं: “निर्णय कोणाचा?”

तुलना झाली ती या क्षणी. तक्त्यात पहिल्यांदा दिसत होता तो फरक: एका नवऱ्याने बाहेर धाडलं, दुसऱ्याने घरात ओढलं. त्याच्याखाली सारखेपणा दडलेला होता: दोन्ही घरांत मुलीच्या आयुष्याचा निर्णय नवऱ्याचा हक्क मानला गेला होता. आणि त्याच्याही खाली पुन्हा एक फरक होता. रखमाबाई “नाही” म्हणू शकल्या, कारण त्यांच्या पाठीशी डॉक्टर असलेले सावत्र वडील होते, राहायला घर होतं, वकील देण्याची ऐपत होती. त्यांची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर पुन्हा लग्न करू शकली, कारण त्यांच्या सुतार समाजात ते चालत होतं. चित्पावन ब्राह्मण घरातल्या आनंदीबाईंच्या भोवती यातलं काहीच नव्हतं. फरक, त्याच्याखाली साम्य, त्याच्याखाली पुन्हा फरक. चांगल्या तुलनेत असे थर असतात. दोन थरांपर्यंत जरी पोचलात तरी वर्ग कान देऊन ऐकतो.

आता प्रश्न तयार झाला: चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या, लहानपणीच लग्न लागलेल्या या दोघींच्या आयुष्याचे निर्णय कोण घेत होतं?

चौकट

तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळींवर आमचं अडलं. आनंदीबाईंच्या “काम” या रकान्यात जवळजवळ काही नव्हतं, रखमाबाईंचा रकाना भरून वाहत होता. एक बावीसच्या आत गेली, दुसरी नव्वद वर्षं जगली. अशा दोन आयुष्यांची कामं मोजून शेजारी ठेवणं सरळसरळ अन्याय आहे. त्यातून निघतं ते फक्त आयुर्मान.

उपाय सोपा आहे: दोघींना सारखीच मुदत द्या. आम्ही १८८८ ला रेघ मारली. तोपर्यंत दोघींची बाल्यावस्था, लग्न, संघर्ष सगळं येतं आणि मुख्य प्रश्नाला जे लागतं ते सगळं त्यात बसतं. रखमाबाईंचं नंतरचं प्रदीर्घ काम शेवटी एका वाक्यात सांगायचं ठरलं. चौकट ठरवली की ती श्रोत्यांना मोकळेपणाने सांगावी: “मी फक्त १८८८ पर्यंतच बोलणार आहे.” याने बोलणाऱ्याची बाजू मजबूत होते. “हे का सांगितलं नाही?” या प्रश्नाला उत्तर आधीच दिलेलं असतं.

ही चौकट आखताना तिच्या लक्षात आलेली गोष्ट मी इतकी वर्षं शिकवूनही अशी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. आनंदीबाई पुण्यात गेल्या २६ फेब्रुवारी १८८७ ला. रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, असा निकाल मुंबईत झाला ४ मार्च १८८७ ला. मध्ये फक्त सहा दिवस. दोन वेगवेगळ्या पुस्तकांत या तारखा कितीही वेळा वाचल्या तरी दिसत नाहीत. एका कागदावर आल्या की दिसतात.

मांडणी, आणि थोडं घड्याळ

आता बोलायचा क्रम. एक पद्धत म्हणजे आधी आनंदीबाई पूर्ण, मग रखमाबाई पूर्ण. लेखात हे चालतं, वाचणारा पान उलटून मागे जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. म्हणून वर्गात मुद्द्यागणिक बोलावं: एक मुद्दा, त्यात दोघी, दुसरा मुद्दा, त्यात दोघी. पाच मिनिटांत तीन मुद्दे पुरे. चौथा घातला की सगळेच पळत सुटतात.

माझी एक कसोटी आहे. लिहिलेलं भाषण समोर ठेवा आणि ज्या वाक्यात दोन्ही नावं आली आहेत त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. प्रत्येक मुद्द्यात अशी किमान एक रेघ दिसायला हवी. दिसली नाही, तर तिथे तुलना झालेली नाही, माहिती सांगितली गेली आहे. टिळक-आगरकरांच्या त्या सुरुवातीच्या प्रेझेंटेशनला ही कसोटी लावली, तर अख्ख्या भाषणात एकच रेघ पडते: “दोघेही थोर होते.”

शब्दांचं गणित असं: न घाबरता, न धावता बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांना पाचशेच्या आसपास, वहीची जेमतेम दोन पानं. लिहून झालं की मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं धरू नका. मनात आपण दुप्पट वेगाने वाचतो.

त्या मुलीने शेवटी लिहिलेलं भाषण साधारण असं सुरू होत होतं:

“फेब्रुवारी १८८७. पुण्यात एक एकवीस वर्षांची डॉक्टर वारली. तिने अजून एकही दवाखाना चालवला नव्हता. सहा दिवसांनी मुंबईच्या हायकोर्टाने एका बावीस वर्षांच्या मुलीला सांगितलं, नवऱ्याकडे राहायला जा, नाहीतर तुरुंगात जा. पहिली आनंदीबाई जोशी, दुसरी रखमाबाई. दोघींची लग्नं लहानपणीच झाली होती, दोघींना ती करायची का हे कोणी विचारलं नव्हतं. मी आज एकच प्रश्न घेऊन आले आहे: या दोघींच्या आयुष्याचे निर्णय कोण घेत होतं? मी १८८८ पर्यंतच बोलणार आहे.

पहिला मुद्दा, शिक्षण. आनंदीबाईंना गोपाळरावांनी शिकायला लावलं, प्रसंगी मारून. रखमाबाई मात्र शिकल्या त्या नवऱ्याच्या घरी न गेल्यामुळे. म्हणजे एकीला नवऱ्यामुळे शिक्षण मिळालं आणि दुसरीला नवऱ्यापासून लांब राहिल्यामुळे, पण दोन्ही वेळी शिक्षणाच्या वाटेवर उभा होता तो नवराच…”

बघा, पहिल्या मिनिटात जन्मतारीख नाही, जन्मगाव नाही, आईवडिलांची नावं नाहीत. तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. तिचा दुसरा मुद्दा होता आधार: घरातलं आणि बाहेरचं कोण कोणाच्या पाठीशी होतं. तिसरा मुद्दा, दोघी स्वतः जाहीरपणे काय बोलल्या. आनंदीबाई सेरामपूरच्या सभेत बोलल्या. रखमाबाईंनी १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. एकीने नाव-चेहऱ्यानिशी सांगितलं, दुसरीने नाव झाकून. या मुद्द्यावर तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि ते बरोबरच होतं. तिन्ही मुद्द्यांना सारखा वेळ द्यायची काही गरज नसते. जिथे सांगण्यासारखं जास्त, तिथे थांबावं.

सोडून देणं मात्र तिला जड गेलं. आनंदीबाईंचा १८८५ सालचा एक फोटो आहे. शेजारी जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटो इतका देखणा आहे की स्लाइडवर घ्यायचा मोह कोणालाही होईल. पण “निर्णय कोणाचा?” याला तो काही उत्तर देत नाही. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, तेही तसंच. हे सगळं तिने एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं, कोणी विचारलं तर सांगायला.

स्लाइडबद्दल फार लिहीत नाही. तीन पुरतात: प्रश्नाची, दोन तारखांची, आणि शेवटची, दोघींच्या फोटोंची. स्लाइडवर परिच्छेद असले की वर्ग वाचत बसतो आणि बोलणाऱ्याकडे कोणी बघत नाही. वीज गेली किंवा प्रोजेक्टर सुरू झाला नाही तर दोन तारखा फळ्यावर खडूने लिहा. चालतं, उलट जास्त लक्षात राहतं.

हातात टाचण असू द्यावं, पूर्ण भाषण नको. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या: वर प्रश्न, खाली तीन मुद्दे, प्रत्येकापुढे दोघींची नावं असलेलं ते एक वाक्य. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, बाकीचं आपल्या शब्दांत बोला. घरी सगळे पुस्तकी मराठी लिहून देतात, “त्या विवाहबद्ध झाल्या” वगैरे. मूल तिथे अडखळतं. “त्यांचं लग्न झालं” म्हणा. मूल रोज ज्या भाषेत भांडतं, हसतं, त्याच भाषेत त्याला बोलू द्या.

प्रश्नोत्तरं

पाच मिनिटांनंतरचे प्रश्न हा मला वाटतं खरा भाग. दोन प्रश्न हमखास येतात.

एक: “मग दोघींत श्रेष्ठ कोण?” याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आपला प्रश्न कोणता होता ते पुन्हा सांगावं. “मी निर्णय कोणाचा हे बघत होते. त्या बाबतीत १८८७ साली कोर्टासमोर ‘नाही’ म्हणणाऱ्या रखमाबाईंच्या हातात जास्त निर्णय होते असं मला वाटतं, पण ते त्यांना मिळालेल्या आधारामुळेही होतं.” यात स्वतःचं मत आहे आणि त्याचं कारणही आहे. “दोघीही आपापल्या जागी थोर” म्हणून सुटू नये. शिक्षकांनीही तेवढ्यावर सोडू नये.

दोन: “पहिली भारतीय स्त्री डॉक्टर नक्की कोण?” हा प्रश्न येतो कारण मोबाइलवर शोधलं की दोघींच्याही नावापुढे “पहिली” दिसतं, आणि मुलं गोंधळतात. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणं वेगळं आणि डॉक्टर म्हणून प्रत्यक्ष काम करणं वेगळं. पदवी आनंदीबाईंना १८८६ साली मिळाली, त्याच वर्षी बंगालमध्ये कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे व्यवसायही केला. रखमाबाई भारतात अगदी सुरुवातीला रुग्ण तपासणाऱ्या स्त्री डॉक्टरांपैकी. कोणाच्याही नावापुढे “पहिली” दिसलं की “कशात पहिली?” हे विचारायची सवय मुलांना लावावी. ती पुढे वर्तमानपत्र वाचतानाही उपयोगी पडते.

तिच्या वेळी वर्गातल्या एका मुलाने तिसराच प्रश्न विचारला: “रखमाबाई तुरुंगात गेल्या का?” ती म्हणाली, “नाही. १८८८ साली तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये मिळाले.” लगेच पुढचा प्रश्न आला: “म्हणजे आजचे किती?” ते तिला माहीत नव्हतं. “ते मी बघितलेलं नाही, बघून सांगते,” असं म्हणून तिने टाचणाच्या मागे लिहून घेतलं. तिला मी पुणे नगर वाचन मंदिरात पाठवलं. त्या काळी शिक्षकाला, कारकुनाला महिना किती पगार मिळत असे ते शोध, म्हटलं, म्हणजे दोन हजार ही रक्कम केवढी होती ते पगाराच्या मापात सांगता येईल.